बर्फाच्या गाडीची पहिली टाकी

"तुमी यष्टीचे माणूस, दीपीचे बाबा. तुमाले डिझल समजते. डिझलाचं इंजिन म्हणजे हेला हाये, काईबी पाजा, मुकाट्यानं ओढते. हे टू-स्ट्रोक हाये. अन नवा पिस्टन टाकलेलं टू-स्ट्रोक म्हणजे बाळंतीण. सवा महिना जपा लागते तिले. पहिल्या टाकीले पेट्रोलात तेल टाकाचं म्हणजे टाकाचं. डिंकाचे लाडू समजा."

"अन मी काय म्हणून राहिलो? हिच्यात तेलाची टाकी येगळी हाये ना. थे पाय, काया झाकणाची. पंप तथून आपोआप तेल ओढते अन इंजिनाले पाजते. मंग पेट्रोलात आखीन कायले? घरच्याईनंबी जेऊ घातलं अन शेजाऱ्याईनंबी घातलं, तं फुगून मरन तुही बाळंतीण."

पंचफुला तायडे आणि तिचा नवरा जानराव यांचं हे भांडण अकोटच्या बाजाररस्त्यावर, 'तायडे फवारणी पंप दुरुस्ती' असं रंगवलेल्या टिनाखाली, सकाळी दहापासून चालू होतं. बाहेर मे महिना. डांबर चपलेला धरत होतं. गल्लीतली कुत्री रसवंतीच्या ओल्या चिपाडात पोट टेकून पडली होती आणि उठायचं नावच घेत नव्हती. अशात हे दोघं भांडत होते ते बर्फावर चालणाऱ्या गाडीवरून.

गाडी खरोखरीची होती, दुकानासमोरच उभी होती. पुढे चाकांच्या जागी दोन घसरपट्ट्या, मागे रणगाड्याला असतो तसा रबरी पट्टा, मधे मोटरसायकलसारखी सीट. येणारा-जाणारा थांबायचा, तिच्याभोवती एक फेरी मारायचा, वाकून चाकं शोधायचा. एकानं विचारलं, हे पेरणीचं हाये का. दुसऱ्यानं ठामपणे सांगितलं, नाही, हे सोयाबीन सोंगायचं आहे, त्याच्या साडूनं तेल्हाऱ्याकडे पाहिलं आहे, सबसिडीवर मिळते.

गाडी देवानंद गावंडेची. अकोट-अकोला रस्त्यावर त्याचं मंगल कार्यालय होतं. लग्नं सगळी लॉनवर जायला लागली तसं त्याचं मन कार्यालयातून उडालं. दोन वर्षं त्यानं विचार केला आणि मग हॉलच्या भिंतींना आतून वीतभर जाडीचा थर्माकोल मारून, थंडीची यंत्रं बसवून, त्याची 'हिमनगरी' करून टाकली. शाळांना सुट्ट्या, बाहेर पारा पंचेचाळीसवर, आत उणे पाच. तिकीट काढा, भाड्याचा कोट घाला आणि बर्फात लोळा. उद्या रविवारी संध्याकाळी उद्घाटन होतं. हॉलच्या मधोमध पोट्ट्यांना चकरा मारायला ही गाडी, जी त्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ पाहून हिमाचलातून जुनी उचलली. सफरचंदांच्या ट्रकमधून आली. विकणारा म्हणाला होता, इंजिन थोडं जाम आहे. थोडं म्हणजे इतकं, की दोन गड्यांनी मिळून सुरू करायची दोरी ओढली तर गाडी पुढे सरकायची, इंजिन जागचं हलायचं नाही.

अकोल्यातल्या तीन गॅरेजांनी हात जोडले. एकानं लॅपटॉप कुठे जोडायचा ते अर्धा तास शोधलं, जागा सापडली नाही तसा त्यानं पान्हाही लावला नाही. शेवटी कोणीतरी देवानंदला सांगितलं, अकोटात एक बाई आहे. पंपवाली. टू-स्ट्रोकचं तिला समजते, बाकी कोणाला आता समजत नाही.

पंचफुलाला ते समजलं ते असं. पातूरकडच्या खेड्यातून लग्न होऊन ती अकोटला आली, आणि जानराव डेपोत मेकॅनिक म्हणून बसगाड्यांखाली पाठीवर झोपायचा तेव्हा ती फवारणीवाल्या गड्यांना पाणी द्यायच्या मजुरीला जायची. पाठीवरचे पेट्रोलचे फवारणी पंप तेव्हा नवे आले होते आणि ते अर्ध्या वावरात बंद पडायचे. गडी पंपाला एक लाथ घालायचा आणि तंबाखू मळायला बसायचा. एका दिवशी पंचफुलानं धुऱ्यावर बसून तो पंप उघडला. पोलक्याची सेफ्टी पिन काढून त्याचं एक बारीक भोक साफ केलं, पुन्हा लावला, दोरी ओढली. पंप सुरू झाला. गडी तंबाखू थुंकून उठला आणि जन्मभर तिच्यावर चिडून राहिला. दुसऱ्या दिवशी मालकानं दुसरा पंप आणून दिला, आठवड्यानं शेजारच्या गावचे चार आले. तिला आता छप्पन्न संपलं होतं आणि दुकानाला बावीस वर्षं झाली होती. साडीवर ती जानरावचे यष्टीतले जुने खाकी शर्ट घालायची. डेपोनं नवऱ्याला दिलेल्या गणवेशांपैकी निम्मे तरी तिच्याच अंगावर झिजले.

या बावीस वर्षांत तिच्या हातचा एकही पिस्टन धरला नव्हता. धरला म्हणजे काय, तर तेल कमी पडलं की पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला चिकटून बसतो. मग दोरी ओढा नाहीतर बैल जुंपा, मशीनचा दगड होतो. बाकीच्या दुकानांतून दुरुस्त होऊन गेलेले पंप वर्षातून दोन-चार तरी धरायचे. तिच्याकडचा एकही नाही. ही गोष्ट ती स्वतः कधी सांगायची नाही. तिला सांगावी लागायची नाही. अकोट, तेल्हारा, दर्यापूर, तिन्हीकडचे शेतकरीच ती एकमेकांना सांगायचे.

बर्फाच्या गाडीचा पिस्टन मात्र पंपाचा नव्हता. तो श्रीनगरहून कुरिअरनं यायला पाच आठवडे लागले. पाठवणाऱ्यानं डब्यावर मार्करनं लिहून दिलं होतं, आखिरी पीस. अकोल्याहून सिलिंडरला बोअर मारून आणला, रिंगा तिनं स्वतः कानशीनं घासून मापात बसवल्या. हा धरला तर दुसरा नाही. गाडी भंगारात, देवानंदच्या उद्घाटनाचं मातेरं आणि तालुकाभर एकच वाक्य: पंपवाल्या बाईच्या हातून गेली. जे तिन्ही तालुके तिची गोष्ट सांगत होते तेच हीसुद्धा सांगणार होते, आणि ही जास्त रंगवून.

म्हणून पहिल्या टाकीचा प्रश्न. पंपांना वेगळी तेलाची टाकी नसते, तेल पेट्रोलातच मिसळावं लागतं, आणि नवा पिस्टन असला की पंचफुला पहिल्या टाकीला चार थेंब वरचेच द्यायची. या गाडीला तेल पाजणारी स्वतःची दाई होती. तर आता वरचं द्यायचं की नाही द्यायचं?

गाडीबरोबर एक पुस्तक आलं होतं. पंचफुलानं पानाचा फोटो काढून अमरावतीला दीपमालाला पाठवला. दीपमाला त्यांची एकुलती पोरगी, अमरावतीत बँकेत होती आणि इंग्रजी वाचायची. तासाभरानं तिचा फोन आला. जानरावनं आवाज मोठा केला, सकाळपासून दुकानातच बसलेला देवानंद जवळ सरकला.

"आई, त्यात असं लिवलं हाये का, पहिल्या टाकीले पेट्रोलात तेल टाकाचं का नाही टाकाचं, हे तुमच्या विक्रेत्याले इचारा."

विक्रेत्याला विचारलं. विक्रेत्याचा नंबर अस्तित्वातच नाही असं एक बाई फोनवर गोड आवाजात सांगत होती, हिंदीतून आणि मग इंग्रजीतूनही.

भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. जानराव म्हणाला, जादा तेलानं प्लग ओला होतो, इंजिन गुदमरते, आणि शिवाय टाकीत जितकं तेल तितकं पेट्रोल कमी, म्हणजे इंजिन वरून तापते ते वेगळंच. हे तो बरोबर बोलत होता आणि पंचफुलाला ते माहीत होतं, पण छत्तीस वर्षांच्या संसारात बरोबर बोलणं हा काही जानरावचा पहिला गुन्हा नव्हता. ती म्हणाली, तेलाच्या नळीत हवा अडकली असली तर तुमची दाई येईपर्यंत बाळंतीण गेलेली राहील. देवानंद एकदा इकडे मान हलवत होता, एकदा तिकडे. त्याची माय माणिकबाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, चष्म्याची काच बदलायला म्हणून त्याच्या गाडीत बसून अकोटला आली होती, ती स्टुलावर बसून सगळं मन लावून ऐकत होती. टू-स्ट्रोक तिला कळत नव्हतं. पण स्वतःच्या घरातली सात बाळंतपणं तिनं काढली होती, त्यामुळे अर्धा विषय तिला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त कळत होता.

दुपार झाली तेव्हा पंचफुलानं पाहिलं की देवानंदच्या तोंडचं पाणी पळालं आहे. एक तर इथेच रडेल नाहीतर गाडी उचलून घरी नेईल. तिनं हात पुसले.

"बरं," ती म्हणाली. "नाई टाकत. तुमचंच खरं."

जानरावचा चहाचा कप ओठापासून चार बोटांवर थांबला. हे वाक्य त्यानं या बाईच्या तोंडून आजवर ऐकलं नव्हतं. त्यानं कप तसाच खाली ठेवला. माणिकबाईनं मोठा उसासा टाकला, आणि "उपाशी निजवता मंग तिले," एवढंच बोलून नव्या काचेच्या चष्म्यातून गाडीकडे असं पाहिलं जसं कोणाच्या सुनेकडे पाहावं.

संध्याकाळी गाडी टेम्पोत चढवून देवानंदच्या वावरात नेली. हिमनगरीच्या मागेच त्याचं वावर आणि खळं होतं. पहिली टाकी सावकाश, कमी-जास्त वेगानं बाहेर संपवायची आणि मग गाडी आत न्यायची, असं ठरलं होतं, कारण पहिल्या टाकीचा धूर आत कोंडला असता तर उद्घाटनाला पोट्टे नाही, डॉक्टर बोलवावे लागले असते. पण या गाडीची आणखी एक खोड होती. रबरी पट्ट्याच्या आत प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, त्या बर्फानं ओल्या राहतात. कोरड्या जमिनीवर चालवली तर त्या मेणासारख्या वितळतात. चिखल करावा तर आपली काळी माती. एकदा पट्ट्यात शिरली की सुरी लावूनही निघणार नाही. यावर तोड पंचफुलानंच काढली. देवानंदकडे दोन ट्रॉल्या सोयाबीनचं कुटार, मळणीनंतर उरलेला भुसा, पडलं होतं. ते खळ्यावर गुडघाभर पसरायचं आणि वरून पाइपनं भिजवायचं. हलकं, ओलं, घसरतं. वऱ्हाडात बर्फाला याच्याइतकं जवळचं दुसरं काही नव्हतं.

टाकीत दहा लिटर पेट्रोल भरलं. मग पंचफुलानं जानरावला ताडपत्रीची दोरी आणायला पाठवलं, आणि तो वळल्याबरोबर तेलाच्या नळीचा स्क्रू ढिला करून आतले बुडबुडे निघेपर्यंत तेल वाहू दिलं. नळी भरली. पण आणखी आत कुठे एखादा बुडबुडा बसला असेल तर तो कोणाला दिसणार होता? त्याच्या भरवशावर आखिरी पीस सोडायची तिची छाती होईना. तिनं खाकी शर्टाच्या खिशातून खोकल्याच्या औषधाचं माप-झाकण काढलं. निळं टू-स्ट्रोक तेल, दहा झाकणं, मोजून. पंपाला ती देते त्याच्या पावपटीलाही हे आलं नसतं. दाई आलीच तर ओझं नाही आणि नाहीच आली तर उपास नाही. झाकण पुसून खिशात टाकलं, टाकी दोन्ही हातांनी हलवली, आणि जानराव दोरी घेऊन आला तेव्हा ती आभाळाकडे पाहत उभी होती.

रविवारी सकाळी सात वाजता खळ्यावर शंभरेक माणूस होतं. कोणाला बोलावलं नव्हतं. कुटारावर बर्फाची गाडी चालणार आहे ही बातमी रात्रीतून आजूबाजूच्या सगळ्या गावांत पोचली होती, आणि अकोल्याहून येणारी पहिली यष्टी रस्त्याच्या कडेला थांबवून तिचा कंडक्टरही उतरून आला होता. देवानंद व्हिडिओसाठी अंगात केसाळ कोट, डोक्यात कानटोपी आणि हातात मोजे घालून उभा होता. सात वाजताच त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम ठिबकत होता, पण कोट काढ म्हटलं की तो म्हणायचा, आता नाही, आता नाही, बर्फासारखं दिसलं पाहिजे. त्याच्या तीन म्हशी कुटाराच्या काठावर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मते हे सगळं त्यांच्यासाठीच पसरलं होतं.

माणिकबाईनं गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. जानराव आज भलताच शांत होता, आणि दर दोन मिनिटांनी टाकीच्या झाकणाकडे पाहून दुसरीकडे पाहत होता. पंचफुलाला वाटलं, कालच्या जिंकण्याची चव अजून जिभेवर असेल.

चालवायचं तिनंच. नव्या इंजिनाला पहिल्यांदा कोणाचा हात लागावा यावर तिनं कधी चर्चा केली नव्हती. पदर खोचून ती सीटवर बसली, दोरी ओढली. एक. दोन. तिसऱ्या ओढीला इंजिन बोललं.

काय बोललं ते. टिनाच्या डब्यात लवंगी फटाक्यांची माळ सोडावी तसं. पट्टा फिरला, कुटार उडालं, गाडी एक हिसका देऊन निघाली आणि पंचफुला तायडे, वय वर्षं छप्पन्न, खाकी शर्ट, खोचलेला पदर, खळ्यावरून अशी सरकत गेली की शंभर माणसांचा आवाज एकदम आत ओढला गेला आणि एकदम बाहेर आला. मागून ओलं कुटार कारंज्यासारखं उडत होतं, सकाळच्या उन्हात पिवळं चमकत होतं, लोकांच्या डोक्यांवर, देवानंदच्या कोटावर, म्हशींच्या पाठीवर पडत होतं. म्हशी एकमेकींच्या पाठीवरून ते खाऊ लागल्या. तिनं खालच्या वेगात एक चक्कर मारली, दुसरी थोडी वरच्या वेगात, मग पुन्हा हळू, जसं नव्या इंजिनाला लागतं तसं. वळणावर गाडी मागून घसरायची आणि तिच्या पोटात जत्रेतल्या पाळण्यात होतं तसं व्हायचं. आयुष्यात ती बर्फाच्या गोळ्यापेक्षा मोठ्या बर्फाजवळ गेली नव्हती. तिसऱ्या चकरेला तिला हसू यायला लागलं आणि ते काही केल्या थांबेना. कंडक्टरनं आनंदाच्या भरात गाडी सोडायची शिट्टी मारली आणि रस्त्यावर यष्टीचा ड्रायव्हर सवयीनं गाडी घेऊन निघून गेला. कंडक्टर यष्टीमागे धावला, थोडं धावला, मग परत आला. पुढची चक्कर चुकायला नको म्हणून.

धूर पहिल्यापासूनच होता, पण चौथ्या चकरेला तो धूर राहिला नाही, ढग झाला. पांढरा, मग निळसर, मग काळपट. हिमनगरी त्यात दिसेनाशी झाली. मग देवानंद. कोटासकट. आणि त्या धुराला वास येऊ लागला. लोक नाक वर करून हुंगू लागले. कोणीतरी कुठेतरी कढईत भजे सोडले होते. दोन-तीन माणसं तर कढई शोधायला हिमनगरीच्या पलीकडेही जाऊन आली.

पाचव्या चकरेला इंजिन अडखळलं, एकदा ठसकलं, दोनदा ठसकलं आणि खळ्याच्या मधोमध बंद पडलं.

धूर हळूहळू वर गेला. मग मागून एक आवाज आला, हळूच, "धरलं."

पंचफुलाचं हसू तोंडावरच वाळलं. ती उतरली. हात दोरीच्या मुठीवर ठेवला, पण ओढली नाही. दोरी हलली तर इंजिन जिवंत. नाही हलली तर बावीस वर्षं गेली. जानराव कुटार तुडवत तिच्याजवळ येऊन उभा राहिला होता, त्याच्या चेहऱ्याला रंग नव्हता. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. दात आवळले आणि ओढली.

दोरी आली. सरळ, मऊ, हातभर आली. पुन्हा ओढली, पुन्हा आली. पिस्टन आत खालीवर फिरत होता, चांगला मोकळा. तिनं कमरेवर हात ठेवून एक मोठा श्वास घेतला आणि खिशातून प्लगचा पान्हा काढला.

प्लग बाहेर आला तो काळा, ओला, टोकाला थेंब लोंबत असलेला. दहा झाकणांनी असं होत नाही. दहा झाकणांनी याच्या निम्म्याच्या निम्मंही होत नाही. तिनं नळी काढून टाकीतलं पेट्रोल पाण्याच्या बाटलीत उतरवून घेतलं आणि उन्हात धरलं. पेट्रोल हलकं निळसर दिसायला पाहिजे होतं. हे कोऱ्या चहासारखं होतं. तिनं हुंगलं. हा वास तीस वर्षं तिनं साबण लावून लावून नवऱ्याच्या कपड्यांतून धुतला होता.

"दीपीचे बाबा," ती म्हणाली, "हे यष्टीचं तेल माह्या टाकीत कोणं टाकलं?"

जानरावनं पायानं कुटार उकरायला घेतलं. मग सगळं बाहेर आलं, पण तुकड्यातुकड्यांनी. काल ती 'तुमचंच खरं' म्हणाली तेव्हापासून त्याच्या जिवाला चैन नव्हतं. ही बाई हरली म्हणजे काहीतरी चुकते आहे, असं त्याला वाटत राहिलं. आणि उद्या पिस्टन धरला तर नाव तिचं जाईल पण सल्ला त्याचा असेल. म्हणून पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन त्यानं टाकलं. टू-स्ट्रोकचं तेल दुकानात होतं आणि दुकानाची किल्ली तिच्या उशाखाली. घरी डब्यात डेपोचंच होतं.

"कितीक टाकलं?"

"उलसक."

"उलसक म्हणजे?"

"अर्धा लिटर."

लोकांत हशा उसळला. पंचफुला हसली नाही, कारण तिचं गणित अजून जुळलं नव्हतं. यष्टीच्या तेलानं प्लग ओला होईल, धूर काळा होईल. भज्यांचा वास कुठून येईल? तिनं बाटलीतलं दोन बोटांवर घेऊन चोळलं, पुन्हा हुंगलं, आणि सावकाश मान वळवून खळ्याच्या काठावर खुर्चीत बसलेल्या माणिकबाईकडे पाहिलं.

माणिकबाईनं नजर चुकवली नाही. लपवायचं काय त्यात? घाण्यावरचं जवसाचं तेल होतं, घरचं जवस, स्वच्छ गाळलेलं. तुम्ही दोघं शिकलेसवरले कालपासून एका बाळंतिणीच्या तोंडाचा घास काढून भांडता, आणि तिला म्हणे उपाशी निजवायचं. सकाळी पूजेचं ताट घेऊन ती आली तेव्हा इथे कोणी नव्हतं. झाकण तिनं ओळखलं, काल तिथूनच पेट्रोल ओतताना पाहिलं होतं.

"म्या तं एकच गडवा टाकला, बाई," ती म्हणाली. "घरची सून असती तं दोन टाकले असते."

आता पंचफुलाला बसावं लागलं. ती कुटारातच बसली आणि पोट धरून हसली. देवानंद कानटोपी काढून हसला. कंडक्टरला उचकी लागली. मग जानरावच्या मनात काहीतरी आलं, त्यानं डोळे बारीक केले आणि बायकोला विचारलं, की आपलं अन माणिकमायचं मिळूनही हा निळा रंग येत नाही, तर बाटलीच्या काठाला निळं दिसते ते कोणाचं?

पंचफुलानं शर्टाच्या खिशातून माप-झाकण काढून त्याच्या हातावर ठेवलं. दहा, ती म्हणाली. आणि तुमच्या हिशेबानं एकही नाही, हेही अर्धं खरं होतं, कारण तुमची दाई आली होती. नळीतून तेल बरोबर उतरत होतं, तिनं आत्ताच पाहिलं. बिचारीला चौघांनी चारीकडून जेऊ घातलं होतं.

मग काम सुरू झालं. टाकी उलटी करून रिकामी केली, पेट्रोलानं तीनदा विसळली, कारण जवसाचं तेल आत वाळलं असतं तर रोगणासारखं बसलं असतं. सायलेन्सर काढून पुसला. नवीन प्लग लावला. दहा लिटर पेट्रोल नवं आणलं. दहा झाकणं तिनं या खेपेला सगळ्यांसमोर मोजून टाकली, मोठ्यानं आकडे म्हणत, आणि लोकही तिच्यासोबत आकडे म्हणू लागले. मग जानराव आणि माणिकबाई यांना तिनं खळ्याच्या दुसऱ्या टोकाला, लिंबाखाली, एका बाजेवर शेजारी शेजारी बसवलं आणि कंडक्टरला त्यांच्यावर नजर ठेवायला सांगितलं. त्याला तसंही पुढच्या यष्टीपर्यंत काही काम नव्हतं.

इंजिन दुसऱ्याच ओढीला लागलं. या वेळी आवाज वेगळा होता, बारीक, सलग. धूर अंगठ्याएवढा, निळा, लगेच विरणारा. म्हशींनी काठावरचं कुटार संपवत आणलं होतं, म्हणून चकरा जरा आतून माराव्या लागल्या. देवानंदनं कोटातच मागे बसून एक चक्कर मारून घेतली आणि उतरल्यावर विहिरीच्या पाइपाखाली कोटासकट उभा राहिला. माणिकबाईलाही बसायचं होतं. तिला पुढे बसवून पंचफुलानं चालण्याच्या वेगानं फिरवलं, आणि म्हातारीनं वळणावर हात सोडून डोक्यावरचा पदर सारखा केला.

टाकी अर्धी झाली तशी पंचफुलानं गाडी थांबवली, थंड होऊ दिली. सायलेन्सर खोलून, मोबाइलची बॅटरी लावून आत पाहिलं. पिस्टनची भिंत उजळ होती, तेलानं ओलसर, एकही उभी रेघ नाही. तिनं जानरावला लिंबाखालून हाक मारली. तो आला, गुडघे टेकले, एक डोळा मिटून बराच वेळ आत पाहत राहिला. यष्टीत तीस वर्षं पिस्टन पाहिलेला माणूस. उठला, गुडघ्यावरचं कुटार झटकलं.

"बम सफा हाये," तो म्हणाला, आणि तिच्याकडे वळून, "दहाच झाकणं टाकले म्हणतं ना तू?"

देवानंद आग्रह करत होता, संध्याकाळपर्यंत थांबा काकू, फीत तुम्हीच कापा. पंचफुला म्हणाली, राहिलेली अर्धी टाकी अशीच हळू चालव, दुपारी थंड्या जागी उभी कर, आणि ही टाकी संपली की पुढची कोरी भर, तिच्यात एक थेंब नको, तुझ्या मायला विचारूनही नको. फीत कापायला कोणीही मिळेल. दुकानाला आज कुलूप होतं आणि बाजारादिवशी कोणी ना कोणी पायरीवर बसलेलं असणार.

ते खरंच होतं. अकोटला यष्टीतून उतरून ती चालत आली तेव्हा चोहोट्ट्याकडचा एक शेतकरी पंप मांडीत घेऊन पायरीवर बसला होता, आणि तो तासभर बसला आहे हे तिला त्यानं आधी सांगितलं. पंप दोरी ओढून लागत नाही म्हणाला. तिनं कुलूप उघडलं, पंखा लावला, पंप घेतला, झाकण काढून टाकीत डोकावली. आत मधासारखं पिवळं साचलं होतं.

"पेट्रोल कधीचं हाये हे?"

"दिवाळीचं," शेतकरी म्हणाला. "थोडंच होतं, म्हणून राहू देल्लं."

तिनं केसातलं कुटार काढून बाहेर फेकलं, फडक्यानं बोटं पुसली, आठ नंबरचा पान्हा घेतला आणि कार्बोरेटर खोलायला बसली.